जुन्या शेतीयंत्राचे सुटे भाग: मोडलेल्या तुकड्यापासून नव्या भागापर्यंत

मोडलेला तुकडा फेकू नका. जुना ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा गवत कापायचं यंत्र पुन्हा उभं करायला घेतलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. फुटलेलं बीड (ओतीव लोखंड), झिजलेला गिअर, सुकून कडक झालेलं ऑइल सील, अर्धवट उरलेलं पॅकिंग, सगळं चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. बनवणारी कंपनी बंद पडली असेल, पार्ट्सची यादी मिळत नसेल, विकणाराही गोंधळला असेल, तेव्हा मूळ भाग कसा होता हे सांगायला तो तुकडाच उरतो.

हे मी चुकून शिकलो. पहिलं इंजिन उघडलं तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या, टोपीखालून पातळ पितळी पट्ट्या निघाल्या. मला तो कचरा वाटला आणि मी त्या टाकून दिल्या. जुन्या इंजिनांमध्ये पांढरा धातू ओतून बेअरिंग केलेलं असतं आणि ते झिजलं की याच पट्ट्यांतली एखादी काढून ढिलाई कमी करतात, हे मला नंतर कळलं. मग प्रत्येक रॉडसाठी मापं घेऊन नव्या पट्ट्या कापण्यात कितीतरी दिवस गेले.

पहिली पायरी: यंत्र नेमकं कोणतं ते ठरवा

बोनेटवरचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली कंपन्यांनी वर्षानुवर्षं बदल केले आणि सुटे भाग त्या बदलांप्रमाणे वेगळे झाले. मॅसी फर्ग्युसन ३५ घ्या. सुरुवातीच्या डिझेल ३५ मध्ये स्टँडर्डचं चार सिलिंडरचं इंजिन होतं आणि पुढे पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. दोन्ही लाल-राखाडी, दोन्ही ३५, पण हेड गॅसकेटपासून डिझेल पंपापर्यंत एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अशा वेळी इंजेक्टर मोजा, तीन की चार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फर्ग्युसन टीई२० हा १९४६ ते १९५६ या काळात बनलेला छोटा राखाडी ट्रॅक्टर. पहिल्या गाड्यांत अमेरिकेतल्या कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं, नंतर स्टँडर्डचं. त्यातही पेट्रोलवरची टीईए, रॉकेलसारख्या इंधनावरची टीईडी आणि डिझेलची टीईएफ असे प्रकार झाले. अमेरिकी फोर्ड ८एन १९४७ ते १९५२ मधला. त्याचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) आधी इंजिनाच्या पुढच्या तोंडावर होता, १९५० मध्ये तो बाजूला गेला. पॉइंट, कॅप, रोटर मागवताना "८एनचे द्या" म्हटलं तर चुकीचं पाकीट हातात पडायची पुरेपूर शक्यता आहे.

म्हणून वही उघडा आणि तीन नंबर वेगवेगळे लिहा: चासीचा किंवा नावाच्या पट्टीवरचा, इंजिनावर ठोकलेला, आणि शक्य असेल तर गिअरबॉक्सचा. इतक्या वर्षांत कोणी इंजिन बदललं असेल, कोणी नावाची पट्टी दुसऱ्या गाडीवरून काढून लावली असेल. इंजिनाचे भाग इंजिनाच्या नंबरवरून मागवायचे आणि मागच्या धुऱ्याचे भाग चासीच्या नंबरवरून.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. बिडाच्या भागावर उठावात दिसणारा नंबर बहुतेक वेळा साच्याचा असतो. ओतल्यावर त्याच कच्च्या भागाला वेगवेगळी भोकं पाडून कंपनी दोन-तीन वेगळे पार्ट बनवत असे. त्यामुळे साच्याचा नंबर जुळला म्हणजे भाग जुळला असं होत नाही. पार्टच्या यादीतला नंबर वेगळा असतो. दोन्ही लिहून ठेवा आणि कोणता कुठला हेही शेजारी लिहा.

नंबर गंजात बुजले असतील तर ग्राइंडर लावू नका. रॉकेलने भिजवा, तारेचा ब्रश हाताने मारा आणि वर खडू घासा, आकडे उठून दिसतात. गंज फार असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढता येतो. भाग चार्जरच्या ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा. तिथे स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. या कामात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून उघड्या हवेत करा आणि जवळ ठिणगी नको.

दुसरी पायरी: भागांचे दोन ढीग करा

माझ्या मते सगळ्या कामात ही पायरी सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाचवते. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने सगळंच स्वतः बनवलं नव्हतं. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, साखळ्या आणि बरेचसे नट-बोल्ट बाहेरून घेतलेले, ठरावीक मापाचे होते, आणि ती मापं आजही बनतात. तो एक ढीग. दुसऱ्या ढिगात फक्त त्याच यंत्राला लागणारे भाग: हाउसिंग, गिअर, मॅनिफोल्ड, लिव्हर, पत्र्याची कामं. पहिल्या ढिगासाठी यंत्राचं नाव विसरा, मापावरून मागा. सत्तर वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचं चाकाचं बेअरिंग "जुन्या ट्रॅक्टरचं" म्हणून शोधलं तर महिने जातात. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर घेऊन बेअरिंगवाल्याकडे गेलात तर बऱ्याचदा त्याच दिवशी मिळतं.

बेअरिंगचा नंबर वाचायला शिका. ६२०५ मध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा: ५ गुणिले ५, म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशेब चालतो. त्याच्या खाली ००, ०१, ०२, ०३ म्हणजे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिलिमीटर. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. ६३०५ चा आतला व्यास तोच २५, पण बाहेरचा ६२ आणि रुंदी १७. म्हणजे शाफ्टवर दोन्ही बसतील, घरात, म्हणजे बेअरिंग ज्या गोल खोबणीत बसतं तिथे, एकच. नंबरामागची अक्षरंही लिहून घ्या: झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबरी सील, सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त ढिलाई. जिथे गिअरबॉक्सचं तेल बेअरिंगमधून वाहायला हवं तिथे रबरी सीलवालं घालू नका.

पुढच्या चाकात सहसा निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात. इंच मापाच्या जुन्या जोड्यांत आतल्या कोनाचा एक नंबर आणि बाहेरच्या कपाचा दुसरा. दोन्ही टिपून घ्या आणि जोडीच बदला. जुन्या कपावर नवा कोन फिरवला की तो लवकर खराब होतो.

ऑइल सीलसाठी तीन आकडे पुरतात: शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, रुंदी. सील स्वतः मोजू नका. जुनं रबर आकसलेलं किंवा ताणलेलं असतं, त्यामुळे शाफ्ट आणि घर मोजा. सीलचं ओठ जिथे घासतं तिथे शाफ्टवर खाच पडली आहे का, नखाने बघा. नख अडकलं तर नवं सीलही गळणारच. त्यावर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते, ती त्या जागेचा गुळगुळीतपणा परत आणते. फार जुन्या यंत्रांत चामड्याची सीलं असतात. त्यांच्या जागी रबरी चालतात, पण चामड्याचीच बसवायची असतील तर आधी तेलात भिजत घाला.

साखळीच्या नंबरात मला फार मजा वाटते, कारण त्यात आपलं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लपलेलं आहे. अमेरिकी मापाच्या रोलर साखळीत पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, सुतांमध्ये. ४० नंबर म्हणजे ४ सूत, अर्धा इंच. ५० म्हणजे ५ सूत, ६० म्हणजे ६ सूत, पाऊण इंच. साखळी झिजून लांबते, म्हणून एक कडी मोजू नका, दहा-बारा कड्या ताणून मोजा आणि भागाकार करा. पेरणी यंत्रं आणि जुन्या कापणी यंत्रांवर आकड्यांची, हाताने तिरकी करून सुटणारी साखळी असते. अमेरिकेत विल्यम इवार्टने १८७० च्या दशकात काढलेली ही साखळी अजूनही बनते, नंबरावर मिळते. बसवताना कोणत्या बाजूने काढली होती ते आठवायचा प्रयत्न करू नका, काढण्याआधी फोटो घ्या.

व्ही पट्ट्यांचं सोपं आहे. वरची रुंदी १३ मिलिमीटर असेल तर ए, १७ असेल तर बी, २२ असेल तर सी. लांबी जुन्या पट्ट्यावरून न घेता पुल्यांभोवती दोरी गुंडाळून घ्या, आणि ताण देणारी पुली मधल्या जागी ठेवून.

आट्यांचा प्रश्न

इथे थोडं थांबू, कारण बिडातले आटे एकदा खराब झाले की दुरुस्ती महागात पडते. जुन्या यंत्रावर तीन घराण्यांचे आटे भेटतात. इंग्लंडचे व्हिटवर्थ, जे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवले, त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकी घराणं आणि १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांनी मिळून ठरवलेले युनिफाइड आटे, त्यांचा कोन ६० अंश. आणि मेट्रिक, तोही ६०.

घोळ असा की व्हिटवर्थ आणि जाड युनिफाइड यांची इंचाला आट्यांची संख्या बऱ्याच मापांत एकच आहे: पाव इंचाला २०, अडीच सुतीला १८, तीन सुतीला १६. त्यामुळे एकाचा बोल्ट दुसऱ्यात जातो, पण कोन वेगळा असल्याने पूर्ण पकड घेत नाही. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि युनिफाइडचे १३. तिथे दोन-तीन फेरे सहज जातात, मग जड होतं, आणि नवखा माणूस पाना आणखी जोराने ओढतो. बोल्ट हाताने पाच-सहा फेरे फिरला नाही तर थांबा. आटे मोजायची पानांची गेज विकत घ्या, या कामातलं ते सर्वांत उपयोगी छोटं हत्यार आहे.

पानेही वेगळे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तर अमेरिकी पान्यावरचा नटाच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. म्हणून अर्ध्या इंचाच्या खुणेचे दोन पाने शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो. आणि यंत्र इंग्लंडमध्ये बनलं म्हणजे सगळे आटे व्हिटवर्थ असं धरून चालू नका, मधल्या काळात दोन्ही घराणी एकाच यंत्रावर नांदलेली आहेत.

तेलाच्या आणि पाण्याच्या नळ्यांच्या आट्यांतही हेच. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही पाइप आट्यांत इंचाला १४ आटे, कोन वेगळे. घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि दाब आला की गळतात.

बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा बघा. अमेरिकी बोल्टावर रेघ नसेल तर साधा, तीन रेघा असतील तर ग्रेड ५, सहा असतील तर ग्रेड ८. मेट्रिकवर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. जास्त मजबूत ते सगळीकडे जास्त चांगलं असं नसतं. काही भाग मुद्दाम कच्चे ठेवलेले असतात, म्हणजे दगड अडकला की तो तुटेल आणि गिअरबॉक्स वाचेल. शिअर बोल्ट हे त्याचं साधं उदाहरण. जुन्या गवत कापणी यंत्रांत पात्याला पुढे-मागे हलवणारा दांडा लाकडाचा असायचा, त्याच्या जागी हौसेने लोखंडी दांडा बसवला तर पुढचं नुकसान मोठं होतं. मूळ भाग नरम का होता याचं उत्तर मिळेपर्यंत त्याहून कडक काही घालू नका.

तिसरी पायरी: इंजिनाचे भाग मोजल्याशिवाय मागवू नका

जुनं इंजिन आधी कोणी उघडलं नसेल असं समजणं धोक्याचं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आधीच घासलेला असू शकतो. बेअरिंगच्या शेलची पाठ बघा: एसटीडी असेल तर मूळ माप, ०१० असेल तर क्रँक दहा थाऊ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले दहा, कमी केलेला. ०२० म्हणजे वीस थाऊ. पिस्टनच्या माथ्यावरही ०२०, ०३० असे आकडे असतात, तिथे मात्र अर्थ उलटा: सिलिंडर तेवढा वाढवला आहे. नवा संच मागवण्याआधी मायक्रोमीटरने क्रँक आणि बोअर गेजने सिलिंडर मोजून घ्या, किंवा इंजिनाची घासणी करणाऱ्याकडून मोजून घ्या. आधी पिस्टन विकत घेऊन मग सिलिंडर त्या मापाला न जुळणारा निघाला असं फार वेळा होतं. क्रम असा: मोजा, घासणी किती लागेल ते ठरवा, पार्ट मागवा, पार्ट हातात आल्यावर घासणी करा.

वीज हा वेगळा विषय आहे, पण एक गोष्ट सांगतोच. फोर्ड ८एनसारखी बरीच जुनी यंत्रं ६ व्होल्टची आणि चासीला धन टोक जोडलेली असतात. बॅटरी उलटी लावून नवा भाग जाळू नका. १२ व्होल्टला बदलायचं ठरवलं तर इग्निशन कॉइलही १२ ची हवी किंवा तिच्या आधी योग्य रेझिस्टन्स हवा.

चौथी पायरी: कुठे शोधायचं आणि काय विचारायचं

दुसऱ्या ढिगातल्या भागांना चार वाटा आहेत. नव्याने बनवलेले, जुन्या साठ्यातले न वापरलेले, दुसऱ्या यंत्रातून काढलेले, आणि स्वतः बनवून घेतलेले. फर्ग्युसन, फोर्ड ८एन, फार्मॉल अशा लाखोंनी बनलेल्या यंत्रांचे नवे भाग भरपूर मिळतात. मात्र दर्जा फार खालीवर असतो. पत्र्याचे भाग आणि स्टिअरिंगचे सांधे नवे घेताना मी जुना भाग शेजारी ठेवून मोजल्याशिवाय बसवत नाही.

जुन्या साठ्यातला धातूचा भाग, मूळ पुडक्यात तेल लावून ठेवलेला, हा सगळ्यांत आनंदाचा शोध असतो. रबर मात्र पुडक्यातही म्हातारं होतं. जुन्या साठ्यातले होज, डायफ्रॅम, सील कितीही नवे दिसले तरी घेऊ नका.

विकणारा दूर असेल तर फोटोत शेजारी पट्टी ठेवायला सांगा, नंबराचा जवळून फोटो मागा, आणि भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत विचारा. बिडाचा भाग असेल तर तडा आहे का एवढं विचारून थांबू नका, आधी जोडलेला आहे का हेही विचारा. रंगाखाली पितळी वेल्डिंग लपतं.

एकच इंजिन अनेक यंत्रांत वापरलेलं असतं हे लक्षात ठेवा. कॉन्टिनेंटल आणि पर्किन्सची इंजिनं फोर्कलिफ्ट, वेल्डिंग सेट, पंप यांवरही गेली. ट्रॅक्टरच्या नावाने न मिळालेलं गॅसकेट इंजिनाच्या नावाने मिळू शकतं.

आणखी एक अडचण जोडणीच्या मापांची. टीई२० आणि ८एन यांचा मागचा पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा) सव्वा इंचाहून एक सूत कमी, म्हणजे १ इंच १ सूत. पुढे रूढ झालेला मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट १ इंच ३ सूत, सहा खाचांचा. नवं अवजार जोडण्याआधी हे मोजा.

पाचवी पायरी: कुठेच मिळत नसेल तर

आधी दुरुस्तीचा विचार करा. फुटलेलं बीड पितळी वेल्डिंगने किंवा निकेलच्या काडीने जोडता येतं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. काडीने लहान-लहान टाके घ्यायचे आणि भाग राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचा. घाईने गार केलेलं बीड शेजारीच पुन्हा तडकतं.

नवा ओतून घ्यायचा असेल तर जुना भाग थेट साच्याला वापरता येतो, पण ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. कारागिरांच्या मापात सांगायचं तर फुटाला एक सूत. दोन फूट लांबीच्या भागात पाव इंचाचा फरक पडतो, भोकं जुळत नाहीत. लहान भागात चालून जातं, मोठ्यासाठी लाकडी पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) तेवढा मोठा करा. शिवाय जिथे लेथवर घासायचं आहे तिथे वेगळं जादा माप ठेवा.

गिअर बनवून घ्यायचा तर टर्नरला दात्यांची संख्या आणि बाहेरचा व्यास द्या. साध्या सरळ दात्यांत बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला दाते अधिक दोनने भागलं की मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, मिळतं: ३० दाते, व्यास ९६, तर ३. उत्तर विचित्र अपूर्णांकात आलं तर इंचाचं माप लावून बघा. दाते अधिक दोनला इंचातल्या व्यासाने भागा. ३० दाते आणि ४ इंच असतील तर ८ येतं, आणि तो इंग्रजी-अमेरिकी मापाचा गिअर आहे. झिजलेल्या गिअरचा व्यास थोडा कमी येतो, म्हणून जवळचा पूर्ण आकडा धरा आणि जोडीचा गिअर मोजून खात्री करा.

एक काळजी मनापासून घ्या. जुने ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, हेड आणि सायलेन्सरच्या जागची गॅसकेटं यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कॉम्प्रेसरच्या हवेने तिथली धूळ उडवू नका, कोरडं घासू नका. ओलं करून काढा, पिशवीत बंद करा, आणि साध्या कापडी मास्कवर भिस्त ठेवू नका. नमुना म्हणून ठेवायचा असेल तर तोही बंद पिशवीतच.

रंगाआधी एकदा पूर्ण जोडा

सगळे भाग आले की रंग न देता, गॅसकेटला चिकट काही न लावता, यंत्र एकदा पूर्ण जोडून बघा. हाताने फिरवा. कुठे अडतंय, कुठे वॉशर कमी पडतोय, कुठला बोल्ट एक सूत लांब आहे, हे तेव्हाच कळतं. ताज्या रंगावर पाना घसरण्याचं दुःख मी बघितलं आहे.

जोडताना प्रत्येक जागी जे बसलं ते वहीत लिहा: पुढचं डावं चाक, बेअरिंगचा नंबर, सीलची तीन मापं, बोल्टचा आटा, कोणत्या यंत्राचं गॅसकेट चाललं. कंपनीच्या यादीतला जुना नंबर आणि आज मिळालेला नंबर शेजारी-शेजारी. वहीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून यंत्राच्याच टूलबॉक्समध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ते उघडणाऱ्याला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.